मिरचीच्या आधी काय होतं?

समारंभाच्या अध्यक्षा आणि शाळेच्या मुख्याध्यापिका आदरणीय ज्ञानेश्वरी मॅडम, शाळा समितीचे अध्यक्ष माननीय इंद्रजीतभाऊ, व्यासपीठावरील सर्व गुरुजन, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते आमचे इतिहासाचे खरमाटे सर, त्यांना इतकी वर्षं आम्हाला उसने देणाऱ्या नर्मदाकाकू, माझे वर्गमित्र, आजचे विद्यार्थी, त्यांच्यातच बसलेली माझी धाकटी बहीण दीपाली, आणि पंख्याखालची खुर्ची सोडून मुद्दाम दाराजवळ बसलेली माझी आई नवसी, सर्वांना माझा नमस्कार.

मी स्वाती जिव्या धोदडे. याच शाळेची विद्यार्थिनी. आमच्या पाड्यावरच्या घरातली पहिली पदवीधर, आणि विषय इतिहास. मला सरांच्या कार्याविषयी बोलायला सांगितलं आहे. पण कार्य म्हटलं की शाल, नारळ आणि फोटो डोळ्यांसमोर येतात. सर मात्र मला आठवतात ते शनिवारच्या शेवटच्या तासाला, हातावरचा खडू झटकत, 'माहीत नाही' म्हणताना.

नव्या मुलांसाठी सांगते. शनिवारी शेवटच्या तासाला पुस्तक बंद असायचं. जगाच्या इतिहासातलं काहीही विचारा. उत्तर येत असेल तर सर लगेच सांगायचे. येत नसेल तर म्हणायचे, "माहीत नाही. पुढच्या शनिवारी सांगतो." आणि पुढच्या शनिवारी वर्गात पाऊल टाकता टाकताच उत्तर सुरू व्हायचं. आम्ही प्रश्न विसरलेलो असायचो, सर विसरलेले नसायचे.

काय काय विचारायचो आम्ही! कुशलने विचारलं होतं, "सर, पहिल्या महायुद्धाला पहिलं कसं म्हणायचे? दुसरं होणार हे कुणी सांगितलं होतं?" सर हसले आणि म्हणाले, "तेव्हा बहुतेक लोक नुसतं महायुद्ध म्हणायचे. परत असं करायला कुणी धजावणार नाही, अशी आशा होती. दुसरं झालं, तेव्हा ते पहिलं ठरलं." 

आपल्या मामाकडे राहून शिकणारा, समुद्रकाठच्या नवापूरचा दर्पण. त्याला पोर्तुगीजांच्या तोफा नको होत्या, तलवारी नको होत्या. "इतके महिने दर्यात, तर पाणी काय प्यायचे ते? आमचा बाबा चार दिवसांनी किनाऱ्याला लागतो, तर पिंप तळाला गेलेला असतो." सर म्हणाले, माहीत नाही. पुढच्या शनिवारी दारातूनच सुरुवात झाली, "लाकडी पिंपांतून! पाणी नासायचं, त्यात किडे पडायचे, तरी नाक दाबून प्यायचे. वाटेत जमीन दिसली की आधी पाणी शोधायचे." दर्पण म्हणाला, "मग बरोबर. राज्य नंतर, आधी विहीर."

आणि औद्योगिक क्रांतीचा धडा. धुरामुळे हवा कशी बिघडली, हे सर सांगत होते. मागून निमेश म्हणाला, "सर, ती क्रांती आमच्याकडे बोईसरला रोज सकाळी पहिल्या पाळीला होते." निमेश इथेच बसला आहे. आता तो स्वतःच तिथल्या कारखान्यात पहिल्या पाळीला जातो.

पण मला सांगायचं आहे ते एका अशा प्रश्नाविषयी, ज्याचं उत्तर सरांनी आजपर्यंत दिलेलं नाही.

मी आठवीत होते. सरांनी शिकवलं, की मिरची आपली नव्हे. ती अमेरिका खंडातली. कोलंबस निघाला होता आपल्याकडची मिरी शोधायला, मिरी सापडलीच नाही, सापडली मिरची. पुढे पोर्तुगीज गलबतांतून ती आपल्या किनाऱ्याला उतरली. आपल्या लोकांनी चाखून बघितली, मिरीसारखी झोंबली, म्हणून नावसुद्धा मिरीवरूनच पडलं. मला इतकी गंमत वाटली! एका शब्दात केवढा प्रवास, आणि कुणाची तरी चूक अजून आपल्या जिभेवर.

मी घरी जाऊन हे सांगितलं. सांगितलं कुणाला? जिचा जन्म वाणगावच्या वाड्यांवर मिरची तोडण्यात गेला, तिला. आई तवा खाली ठेवून माझ्याकडे बघतच राहिली.

नेमके तेच दिवस वाईट होते. आठवीपर्यंत शिकली तेवढं पुष्कळ झालं, आता स्वाती आईसोबत वाडीवर जाईल, असं घरात ठरत आलं होतं. वाडीच्या मालकांशी बोलणंही झालं होतं. मी रडत होते, आणि आईने ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं.

त्या शनिवारी शेवटच्या तासाला आई थेट वर्गाच्या दारात. ओच्यात हिरव्यागार मिरच्या. आली होती शाळेतून माझं नाव काढून घ्यायला, पण आधी भांडण उरकायचं होतं.

"गुरुजी, पोरीला काय सांगितला तुमी? मिरची आमची नाय?"

"नाही बाई. साता समुद्रापलीकडून आलेली आहे."

"अशी कशी? मी तोडते, माझी आय तोडायची. मग माझ्या आजीची आजी काय गोड खायची?"

सगळा वर्ग हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, "तेव्हा जेवण तिखट करायला मिरी होती."

"मिरी!" आईने कमरेवर हात ठेवले. "गुरुजी, मिरीचा भाव ठाऊक हाय? शेटलोक खात असतील. आमी डोंगरातली माणसा. आमच्या चुलीवर काय होता, ता सांगा."

 सरांनी हातावरचा खडू झटकला. "माहीत नाही. पुढच्या शनिवारी सांगतो."

"मी नाय येणार परत. सोमवारपासून ही पण नाय येणार. वाडीवर जायची हाय."

 मी बाकाची कड घट्ट धरली होती, ती पकड मला अजून आठवते. सर अगदी साधेपणाने म्हणाले, "मग उत्तर तुमच्यापर्यंत आणणार कोण?"

आईने माझ्याकडे बघितलं, सरांकडे बघितलं, ओच्यातल्या मिरच्या टेबलावर ओतल्या. "बरा. उत्तर आणीपर्यंत येऊ द्या तिला. पण इसरू नका."

आणि सर पुढच्या शनिवारी उत्तर देऊ शकले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मी घरी आले की आई विचारायची, "काय म्हणला गुरुजी?" मी सांगायचे, "अजून शोधतायत." आई मान हलवायची आणि भाकरी उलटायची. नववी झाली. "अजून शोधतायत." दहावी झाली. बाबा एकदा वैतागून म्हणाले, "एवढा मोठा गुरुजी, नि एक मिरची सापडत नाय त्याला?" आई म्हणाली, "तुमी गप बसा. मोठा प्रश्न हाय."

बारावीनंतर मी कॉलेजला गेले. दुसऱ्या वर्षाला खाद्यपदार्थांच्या इतिहासावर एक प्रकरण होतं. त्यात लिहिलेलं होतं, मिरचीच्या आधी आपल्याकडे मिरी होती, मिरीसारखीच तिखट लांबट पिंपळी होती, आलं होतं. मी ट्रेनमधून उतरले ती धावतच सरांच्या घरी. "सर, सापडलं!"

सरांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना ते ठाऊक असणार, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. त्यांनी एवढंच विचारलं, "आईला सांगितलंस?"

"अजून नाही."

"पदवी कधी हातात पडणार?"

"पुढच्या वर्षी."

"मग घाई काय आहे?" लगेच पुढे म्हणाले, "आणि स्वाती, हे खोटं नाही हं. मिरी, पिंपळी हे लिहिणाऱ्यांच्या स्वयंपाकघरातलं उत्तर आहे. तुझ्या आईने तिच्या आजीच्या आजीची चूल विचारली होती. तिथे काय शिजत होतं, हे कुणी लिहून ठेवलेलं मला तरी मिळालेलं नाही. मी खरंच शोधतोय."

नर्मदाकाकूंनी चहा आणला होता. तो पिता पिता मला वाटलं, जगाचा इतिहास म्हणून आपण जे वाचतो, त्यात किती चुली नाहीत! राजे आहेत, गलबतं आहेत, मसाल्यांचे भाव आहेत. आमच्या पाड्यावर जेवणाला चव कशाची होती, हे विचारायला कोलंबसाच्या नंतर शेकडो वर्षं जावी लागली, आणि ते विचारलं माझ्या आईने. मी पुढे एम.ए. करणार आहे ते यासाठी. म्हाताऱ्या माणसांकडे जाऊन बसायचं, रानातला पाला, कंद, फळं विचारायची. कदाचित काही सापडेल. कदाचित नाही.

पण सर, आता मी पदवीधर झाले. उद्या आपण आपल्या गावी, सांगली जिल्ह्यात परत जाणार. आज शनिवार आहे, हा योगायोग आहे की मॅडमची योजना, मला माहीत नाही. म्हणून सर्वांच्या साक्षीने विनंती करते, की जेवढं सापडलं तेवढं उत्तर आज माझ्या आईला आपण स्वतःच्या तोंडून द्यावं. सर, माइकजवळ येता का?

एक मिनिट. आई, काय झालं? बस ना. अगं, माइक चालू आहे. काय म्हणतेस?

सभागृहाच्या मागच्या बाजूला ऐकू गेलं नसेल, म्हणून मी परत सांगते. माझी आई म्हणते आहे, "गुरुजी, आज नका सांगू. धाकटी अजून नववीत हाय."

आई!

म्हणजे तुला सगळं ठाऊक होतं... कधीपासून?

नाही, ती आता काही सांगणार नाही. पदर तोंडावर घेतला आहे तिने. आणि सर चष्मा पुसत आहेत, म्हणजे तेही काही सांगणार नाहीत.

अध्यक्ष महोदया, मी माझी विनंती मागे घेते. उत्तराचा शोध अजून चालू आहे, अशी सभेने नोंद घ्यावी.

मला बोलायची संधी दिलीत, माझ्या घरच्या गोष्टी इतक्या शांतपणे ऐकून घेतल्यात, याबद्दल मी आपल्या सर्वांची ऋणी आहे. सर आणि काकू, गावाकडे सुखाने राहा, प्रश्नांसाठी मी फोन करीनच. वेळेचं बंधन मोडलं, आणि बोलण्यात कुठे तिखट जास्त पडलं असेल, तर मोठ्या मनाने सांभाळून घ्या.

आणि दीपाली, शनिवारी आईने विचारलं तर काय सांगायचं, ते तुला ठाऊक आहे.