ऐंशीच्या पुढची अक्षरं

पेणच्या स्टँडवर रोह्याची गाडी लागायची होती. मागच्या बाकावर एक मुलगी आणि एक मुलगा बसले होते. दोघं एकाच सॉफ्टवेअरवर काम करणारे असावेत.

“साईराज, माझी दुरुस्ती तू परत पाठवलीस?”

“व्हय. कोडची एक ओळ चौऱ्याण्णव अक्षरांची हाय. आपली हद्द ऐंशीची.”

“परवा उधाण हाय. भरतीचा मेसेज खाडीकाठच्या गावांना तासभर उशिरा जातो, तो वेळेवर जावा म्हणून मी दोन दिवस घालवले. आणि तू अक्षरं मोजत बसलास?”

“ओळ तोड, लगेच घेतो.”

“कोड चालतोय ना? मग तोडायची कशाला?”

“नियम हाय, अपेक्षा.”

“मागच्या उधाणाला मेसेज उशिरा गेला आणि नाथाकाकांच्या शेतात खारं पाणी शिरलं. त्यांना जाऊन सांग तुझा नियम.”

“त्यांना भेटून आलो मी. चूक माझी होती म्हणून सांगितलं.”

“तुझी कशी?”

“मेसेज उशिरा पाठवणारी चूक तुला कोडात सापडली कुठं?”

“ओळीच्या पार शेवटी. तासाचा आकडा चुकला होता. दीडशे अक्षरांची ओळ, स्क्रीन उजवीकडे सरकवल्याशिवाय दिसतच नव्हता.”

“ती ओळ तपासून मीच पास केली होती. सरकवून बघितलंच नाय.”

मागून बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला.

“कुठनं तोडू, सांग.”