चतकोर-चतकोर बॉयलर

मी पारशिवनीकडची. घरी वावर, बैल, अन् आम्ही चार बहिणी, त्याच्यात मी एकटीच सातवी पास, काहून का गावात नर्सबाई येत होती, पांढऱ्या लुगड्यातली, अन् तिले पाहून पाटीलबी खाटेवरून उठून उभा राहे. मले तेच व्हायचं होतं, दुसरं काईच नाई. बाबानं लग्न लावून देलं.

नवरा कोराडीच्या वीजघरात हेल्पर. बॉयलरची परीक्षा पास झाले तं ऑपरेटर, नाई तं जिंदगीभर कोळसाच ढकलणं. काय सांगू तुमाले, पुस्तक हिंदीतलं अन् एवढं जाडं का त्याईनं पाहलं अन् डोक्यावरून चादर घेऊन झोपले. म्हणे, मी गावाले वापस जातो, हे आपल्या बसची बात नाई. मी म्हटलं, अवो, भाकर कोणी अख्खी गिळते का? तवा म्हणे, तू मले पास करून दे वं, मग तुहा नंबर, नर्सच्या कोर्सले मी सोता घालतो. मायची आन खाल्ली.

मग त्याईचं जेवण म्हणजे शाळा. स्वयंपाक करता करता मी आधी वाचून ठेवो, मग भाकरीचा एक चतकोर वाढो अन् एकच गोष्ट विचारो. आज फक्त पाणी कुठून येते. ते जमलं का दुसरा चतकोर, वाफ कुठं जाते, सेफ्टी व्हॉल्व काहून उघडते. नाई आलं तं भाकर टोपल्यात. उपाशी मारतं का वं, म्हणत, पण सांगत. उद्या काय हाय हे मी कदी दाखवलंच नाई, नाई तं पुन्हा चादर. सासू म्हणे, नवऱ्याच्या ताटावर मास्तरकी करून राहिली. करून राहिली तं करून राहिली!

पास झाले. पेढे वाटले, क्वार्टर भेटलं, लोक म्हणे लय हुशार माणूस. माहं नाव कोणी घेतलं नाई, तेबी चाललं असतं. मी कोर्सचा फारम आणला, सातवी पास बाई चालत होती तवा. ते जेवून राहिले होते. फारमाकडं पाहून हासले अन् म्हणे, एवढं मोठं पुस्तक तुले झेपन का वं? मी म्हटलं, अन् आन खाल्ली होती ते? म्हणे, तवाची बात तवा, घर कोण पाहन.

माह्या हातात भाकर होती. मी अख्खी वाढली. तवापासून अख्खीच वाढते, काई विचारत नाई. माहं वय निघून गेलं.

वीजघरातून वाफ सुटल्याचा आवाज येते, तवा काय झालं हे मले कळते, पण मले कोण विचारते? आता कालनीतल्या पोट्ट्या येतात, नर्सच्या कोर्सच्या, सारी हाडं पाठ करायची म्हणून रडतात. मी म्हणते, पुस्तक बंद कर वं, आज फक्त मनगट. हे आतून म्हणतात, आमच्या बाईले कशाचाबी नाद. मी आयकतच नाई. पोट्ट्याईले एवढंच सांगते, सुखी राहा मायबाई, लग्न करा, नवऱ्याले शिकवा, पण आधी तुमचा पेपर.