लोण्याचे पैसे

स्कॉटलंडमधल्या फॉरफरच्या कोर्टाबाहेर मी घोडागाडीची वाट पाहत होतो. शेजारच्या बाकावर थकलेल्या खंडाचा खटला नुकताच जिंकलेले कूळ एबेन डथी आणि त्याची बायको ग्रिझेल बसले होते.

"जमीनदाराचं तोंड पाहिलंस? एरंडेल प्यायल्यासारखं."

"पाहिलं. पण बटाटे कुजले त्या वर्षीच्या खंडाची पावती कुठे होती तुझ्याकडे?"

"लागतच नाही. त्यानंतरच्या सलग तीन वर्षांच्या पावत्या दाखवल्या, की मागचं सगळं फिटलं असं कायदा धरून चालतो."

"भलताच भोळा आहे की कायदा."

"ते खोटं पाडायला मला शपथेवर विचारायची एक वाट होती जमीनदाराला. तर म्हणाला, असल्या माणसाच्या शपथेला काय किंमत?"

"तेवढं खरं बोलला मेला. एबेन, त्या वर्षी लोणी विकून खंडाचे पैसे मी तुझ्या हातात दिले होते."

"दिले होतेस."

"ते तू त्याला नेऊन दिलेस?"

"कायदा म्हणतो, दिले. त्याला खोटं पाडणारे आपण कोण?"

"मी कायद्याला नाही विचारत."

"अगं, चारचौघांत कशाला? घरी चल, बायबलवर हात ठेवून सांगतो."

"घरी कशाला? सकाळीच पिशवीत टाकून आणलंय. ठेव हात."