बसून राह्य, दुर्गा

टण्ण — असा नाई, वं दुर्गा. टण्णऽऽऽ... अन मंग उलसाक थांबून त्याच्या मागून दुसरा आवाज, बारीक, जसा पहाडाच्या पल्याड कोनी लोखंड घासून राह्यला. असा होता तो आवाज. मी एवढासा होतो, लंगोटीवर, गुरं घेऊन जंगलात, अन आपल्या गावात शाळेची घंटा पह्यल्यांदा वाजली. घंटा कायची बाप्पा — लाकडं न्याच्या ट्रकची मोडकी कमान होती, चाकावरची लोखंडी पट्टी, मोहाच्या फांदीले टांगलेली. पन काय वाजली! बैलानं चरनं सोडून मान वर केली. मले वाटलं, मलेच बोलावून राह्यले. मी गुरं तिथीच सोडून पळत आलो. मंग बापानं कान धरून वापस नेलं, ते वेगळं. दोन-चार दिवस बसलो असंन शाळेत. बस. तेवढीच माही शाळा.

आता हे काऊन सांगून राह्यलो? सांगतो. मले सरळ मुद्द्यावर येता येत नाई, तुले माईत आहे. सोनीबाई सभेत म्हनलीच ना — "पत्रूले काय धाडता, तो एक गोष्ट सांगते तवरक चुलीवरचा भात करपून जाते." सारे हासले. मी बी हासलो. तू नाई हासली. तू खाली पाहून बसली होती, आता बसली आहे तशीच.

हां, बस, बस. ते तांदूळ निवडत राह्य, माहं काई नाई. अन पदर एवढा ओढू नको, गरमी होते. आज मी तुहा सासरा म्हनून नाई बसलो इथी. घर माहं, ओसरी माही, रोज जेवतो तुह्या हातचं — तरी आज मी सभेनं धाडलेला मनुष्य आहे, म्हनून बाहीरून आलो, पाय धुतले, अन दारात बसलो. रीत आहे, काय करू? मी खुशालले म्हनलं, बावा, तू सभेचा अध्यक्ष, तूच जा, नाई तं कोलूले धाड, मले धाडू नको. घरातल्या मानसानं घरातल्याच मानसाच्या दारात काय बसाचं! तो म्हने, काका, सारे तुमचंच नाव घेऊन राह्यले. तुही दिव्यानी तं पोट धरून हासली मघा — "आबाजी, तुम्ही पावने आले का?" म्हनलं, होय वं माय, पावना आलो. पानी दे. तं तिनं खरंच पितळी गडव्यात पानी आनून देल्लं, पावन्याले देते तसं.

रीत तुले माईत आहे, तरी सांगाव लागते, सांगितल्याबिगर सुरू करता येत नाई. आपल्या गावात हात वर करून मोजत नाई. शंभर मानसं होय म्हनली अन एक मानूस गप्प राह्यला, तं काम होत नाई. मंग त्याच्या दारात एक म्हातारा मानूस जाऊन बसते. त्यानं भांडाचं नाई, फक्त सांगाचं. घरातला मानूस शेवटपर्यंत बसून राह्यला, तं ते त्याचं 'नाई'. त्याच्यावर कोनी रागवाचं नाई, त्याच्याशी बोलनं सोडाचं नाई, काम तिथीच थांबते. अन मधातच उठून गेला — काई न बोलता — तं त्यानं वाट सोडली, काम पुढं जाते. कोलूचं आठवते ना? नाई, तू तेव्हा नव्हती आली लग्न होऊन. तळ्याच्या वेळी. त्याची धानाची बांधी जाऊन राह्यली होती तळ्यात, साऱ्यात चांगली बांधी. सोनीबाईच बसली होती त्याच्या दारात, अन तिचं तोंड तं — बापरे! अर्ध्यातच कोलू उठला, बैलाले पानी पाजाले गेला. शब्द नाई बोलला. तळं झालं. आजपर्यंत त्याले कोनी विचारलं नाई, "कोलू, तू होय म्हनला होता का?" उठून गेला, झालं.

तं काम हे आहे. बांबूचा अन तेंदूच्या पानाचा पैसा आला, दरसाल घरोघर बोनस वाटतो, औंदा त्यातला हिस्सा शाळेसाठी मांगे ठेवाचा. वरून निरोप आला, पोट्टे कमी झाले, मास्तर एकच, तोही बदलून चालला, दिवाळी झाली का शाळेले कुलूप, लेकरं नाल्यापल्याडच्या गावच्या शाळेत जातीन. खुशाल जाऊन भेटला साहेबाले. साहेब म्हनले, गावानं आपल्या पैशानं एक शिकवनारी ठेवली अन छत नीट केलं, तं मी कुलूप थांबवून पाह्यतो. शिकवनारी गावातच आहे, मयुरी, शिकून घरी बसली आहे, म्हशी पाह्यते. म्हने, मी शिकवीन, म्हशीइनं ऐकलं तं पोट्टे काऊन नाई ऐकनार. पन तिले बी पोट आहे. फुकट कोन शिकवंल?

साऱ्यांचा बोनस तेवढा कमी होईन. तुहा बी. अन सारे होय म्हनले, दुर्गा. सोमारीच्या घरी लेकरूच नाई, ती बी होय म्हनली. एक तू —

नाई, नाई, टोचून नाई बोलून राह्यलो. तुहा हक्क आहे. मे महिन्याच्या उन्हात पानं तोडून तोडून तुहे हात काळे झाले, पुडे बांधता बांधता बोटं फाटली, मी पाह्यलं नाई का? ते पैसे तुहे.

मी फक्त नाल्याचं सांगतो. लेकरं नाला ओलांडून जातीन. गाडी देऊ म्हनतात — बरसातीत नाला चढला का कोनती गाडी येते? उन्हाळ्यात तं पायीच. अन तो रस्ता बांबूच्या रांजीतून, दाट बेटातून जाते, अन तिथी मोहाचं ते झाड —

आता तोंड फिरवू नको, वं. मी नाव घेत नाई.

घेतो. घेतलंच पाह्यजे. आपल्या घरात कोनी त्याचं नावच घेत नाई, जसं नाव घेतलं का तो अजून जास्त मरंल. सुरज. माहा सुरज. तुह्या आधी तो माहा होता, बाई. पहाटचा मोहफूल वेचाले गेला होता, टोपली घेऊन. मी आंगनात दात घासून राह्यलो होतो. अन घंटा वाजली. शाळेची घंटा, अन सूर्य बी निंगाला नव्हता. मी म्हनलं, मास्तर वेडा झाला काय, एवढ्या पहाटचा पोट्टे बोलावते. कडुनिंबाची काडी तोंडात तशीच. टण्ण टण्ण टण्ण, थांबतच नाई — अन मंग मले समजलं, हे पोट्टे बोलावनं नाई. मास्तरले नाल्याकडून ओरडा ऐकू आला होता. सारं गाव कुऱ्हाडी घेऊन धावलं. वाघानं — बस. तुले माईत आहे. तू बी धावली होती. दिव्यानी पाळन्यात होती.

तेव्हापासून मले त्या घंटेचा राग याले पाह्यजे होता. नाई आला. काऊन नाई आला, सांगू? कारन त्याच घंटेनं सुरज शाळेत जात होता. आंबील पिता पिता घंटा वाजली का वाटी तशीच ठेवून पळे. संध्याकाळी येऊन मले शिकवे. चुलीतली राख पसरवून त्यावर बोटानं 'प' काढे. "बाबा, हा तुमच्या नावातला." म्हने, "पुढचं उद्या." रोज 'पुढचं उद्या' म्हने, अन दुसऱ्या दिवशी पुन्हा 'प'पासून सुरू, कारन मी भुलून जात होतो. मी मुद्दाम भुलत होतो, वं. ते पोरगं मांडीजवळ बसते, त्याच्या डोक्याचा घामट वास येते, म्हनून भुलत होतो. मंग तो मोठा झाला, राखेत कोन बसते! पुढचं तसंच राह्यलं.

आता दिव्यानी वाचते. तुले माईत नाई, मी रोज शाळेच्या मांगं जाऊन बसतो, खिडकीखाली. बकऱ्या चारतो म्हनून सांगतो, पन बकऱ्या कुठच्या कुठी जातात, परवा खुशालच्या धानात गेल्या, तो ओरडला माह्यावर. मी भिंतीले टेकून बसतो. ती वाचते — एवढ्या जोरानं वाचते जसं पल्याडच्या गाईले हाका मारून राह्यली! सारे पोट्टे तिच्या मांगून म्हनतात. तिच्या आवाजात मधातच एक जागा येते, शब्द अडकला का श्वास ओढते ना, हुंक करून, ते थेट सुरजचं. थेट. मी डोळे मिटतो. तेवढा वेळ... तेवढा वेळ घरात सारे असतात.

म्हनून तं मी सभेत पह्यला बोललो. जनमात बोललो नाई सभेत. साऱ्या गावाले वाटलं, पत्रूले लेकराइची केवढी कळकळ. असंल बी. पन खरं सांगू — शाळा राह्यली तं तू राह्यशील, असं मले वाटलं. शाळाच नाई म्हनल्यावर तू पोरीले घेऊन कायले इथी राह्यशील?

हां. माईत आहे मले.

बल्लारपूरचं माईत आहे. तू सांगितलं नाई, पोरीनं सांगितलं. "आबाजी, मामाच्या घराजवळ आपली खोली राह्यनार आहे, तिथून रेल्वे दिसते म्हने." मी म्हनलं, अरे वा! प्रवीण चांगला भाऊ आहे तुहा. काम पाह्यलं ना त्यानं, सैपाकाचं? अन घरमालकाले आधी द्याले पैसा लागते, तो तुह्या बोनसचाच, तो बी पुरा लागते. दुसरा आहे कुठी? म्हनून तू गप्प होती सभेत. साऱ्या गावानं तुह्याकडं पाह्यलं, सोनीबाई कायकाय बोलली, "हिले एकटीलेच पैसा जड झाला काय" म्हने, तरी तू सांगितलं नाई का मले जाचं आहे. मी तिथी बसलो होतो म्हनून नाई सांगितलं. मले सारं समजलं, पन मी बी गप्प राह्यलो. वरून साळसूदावानी इथी येऊन बसलो, नाल्याचं सांगून राह्यलो, लेकराइचं सांगून राह्यलो.

खोटं नाई ते. नाला खरा आहे. लेकरं खरी आहेत. पन...

तू पान्याले जाते ना सकाळी, हापशीवर, तं तिथून नाल्याकडचा तो मोह दिसते. मी ओसरीवरून पाह्यतो. तू रोज तिथी आली का मान फिरवते, पान्याची गुंडी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेते, जसं वजन झालं म्हनून बदलून राह्यली. गुंडी तं रिकामी असते, वं. जातानाची. रोज. एवढी वर्षं झाली. मी माह्या कानासाठी तुहे डोळे इथी बांधून ठेवून राह्यलो. एक आवाज ऐकाले भेटावा म्हनून. हे मले आत्ता समजलं, बोलता बोलता. सोनीबाई खरं बोलते, माहं सारंच उशिरा शिजते.

त्या खोलीतून खरंच दिसते का रेल्वे? पोरीले लय आवडंल. तिथल्या शाळेत मास्तर गंज असतीन, एक सोडून धा, नाई? बाकं असतीन. घंटा कशी असते कोन जाने, बिजलीची असंल. वाचू दे तिले तिथी. इथल्यासारखी जोरानं वाचंल तं शहरातले कान झाकतीन, पन तू तिले हळू वाच म्हनू नको.

तं आता माहं ऐक. सभेनं धाडलेला मनुष्य म्हनून नाई, सासरा म्हनून बी नाई. सुरजचा बाप म्हनून ऐक. तू बसून राह्य. तांदूळ निवड. माहं बोलनं संपलं का मी उठतो अन खुशालले जाऊन सांगतो, दुर्गा बसून होती, दुर्गाचं नाई आहे. झालं. कोनी तुले काई म्हननार नाई, रीतच तशी आहे. सोनीबाई म्हनंल, तिचं सोड, तिनं माह्या बापाले बी सोडलं नव्हतं. शाळेचं... शाळेचं पाहू. लेकराइले नाल्यापल्याड मी पोचवून देत जाईन, काठी घेऊन. म्हातारा झालो, पन वाघाले काय दिसते का म्हातारा आहे का तरना! हास ना जराशी.

माही काळजी करू नको. मी भात टाकून घेतो. करपंल, पन खाईन. दिव्यानीचं दप्तर मी शिवून ठेवतो, त्याचा बंद तुटला आहे. अन फोनवर तिले म्हन, कधीमधी आबाजीले धडा वाचून दाखव. खुशालच्या फोनवर. मी जाईन त्याच्या घरी, बकऱ्या बांधून जाईन.

बस, झालं माहं. एवढंच होतं. आता मी उठतो, तू बसून राह्य —

हे काय? सूप काऊन खाली ठेवलं?

दुर्गा, उठू नको. मी म्हनलं ना, बस. दोन घडी बस, मले उठू दे आधी. तू उठली तं त्याचं काय होते, तुले माईत आहे ना? आत्ताच सांगितलं मी. तुहा पैसा जाईन. बल्लारपूर जाईन. अवं, समोर सोमारी उभी आहे तिच्या दारात, तिनं पाह्यलं तं मले खोटं सांगता येनार नाई — बस, माय, खाली बस, पाया पडतो तुह्या —

दुर्गा.

अवं, चप्पल तं घाल. सोमारीनं खळ्याच्या कुंपनाले बोराटी ओढत नेली सकाळी, साऱ्या गल्लीत काटे सांडले आहेत... दुर्गा... पायात काटे...