मनगटापर्यंत बाह्या

आक्का : परत सांग. तिचा फोन तू उचललास, का तू तिला फोन केलास?

क्रांती : मी केला. आज मंगळवार, विजयमालाताई बाराला यायच्या होत्या. आल्या नाहीत. दीडला त्यांचा मिस्ड कॉल आला, एकदाच वाजला आणि कट. मला राहवलं नाही, आक्का.

आक्का : नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला आपणहून फोन लावायचा न्हाय, एवढं चौथी शिकलेल्या शिंपिणीला ठावं हाय. तुमच्या विद्यापीठात शिकवत्यात तरी काय मग?

क्रांती : हेच शिकवतात. फोन तिच्याच हातात असेल असं धरून चालायचं नाही. मागच्या परीक्षेत हाच प्रश्न होता, पैकीच्या पैकी मिळाले मला.

आक्का : मग उचलला कुणी?

क्रांती : नवऱ्यानं. अमरसिंहानं. मी ठरलेलंच बोलले. मंगळवार पेठेतनं आक्कांच्या शिलाईच्या दुकानातनं बोलतेय, ताईंचा ब्लाऊज तयार आहे.

आक्का : मग ठीक हाय की.

क्रांती : ठीक कसलं? इतका गोड बोलला ओ तो. बरं झालं सांगितलंत म्हणाला, चारला तिकडंच काम हाय, येतायेता घिऊन जातो म्हणाला. आक्का, तयार ब्लाऊज आहे कुठं?

आक्का : अगं बाई.

क्रांती : चार मंगळवार झाले. उचगावातनं ब्लाऊज शिवायला जाते म्हणून निघतात, इथं बसून तासभर माझ्याशी बोलतात आणि परत जातात. एक टाका घातलेला नाही आपण.

आक्का : वाजले किती?

क्रांती : दोनला पाच कमी.

आक्का : पैल्या दिवशी दाखवायपुरतं हिरवं कापड आणलंतं तिनं. त्या वरच्या गठ्ठ्यात हाय, काढ. कातर दे हिकडं.

क्रांती : आणि माप? वहीत माप आहे का?

आक्का : कुठलं माप? टेप घिऊन दंडाला हात लावाय गेले, तर अशी मागं सरली, पाठ भिंतीला टेकली तिची. पुन्यांदा म्या हात लावला न्हाय. आता डोळ्यानंच धरायचं. चाळीस वर्सं बायांची मापं घेतीया मी.

क्रांती : बाह्या मनगटापर्यंत ठेवा. उन्हाळ्यातसुद्धा तशाच घालतात. आणि गळा बंद.

आक्का : का घालती ते मला सांगू नगस. पदर सरकलाता, दिसलंय मला.

क्रांती : शुक्रवारी निघणार होत्या त्या, आक्का. तीनच दिवस राहिले होते. निवारागृहात जागा झाली, सगळं झालं. आणि मी एक फोन लावून बसले. त्यांना काही झालं तर मी काय तोंड दाखवू? वडील वारणानगरला कारखान्यात सगळ्यांना सांगतात, पोरगी बायकांना सोडवायचं शिकतीया म्हणून.

आक्का : रडायचं असलं तर हुक लावत रड. सुई घे.

क्रांती : त्यांची पिशवी अजून तुमच्या टेबलाखाली आहे. आधार कार्ड, पासबुक, दवाखान्याचे कागद, सगळं. त्यानं खाली वाकून बघितलं तर?

आक्का : तुमच्या संस्थेतल्या मॅडमना कळवलंस का?

क्रांती : कळवलं. प्रियदर्शनी मॅडम ओरडल्या नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली. चारपर्यंत गाडी घेऊन मागच्या बोळात येते म्हणाल्या, वेळ मिळाला तर पिशवी तरी हलवू. पोलिसांत जाऊया का विचारलं मी. तर म्हणाल्या, विजयमालानं अजून तक्रारीला हो म्हटलेलं नाही, तिला न विचारता एक पाऊलही टाकायचं नाही. एक चूक केलीस, दुसरी करू नकोस.

आक्का : बरोबर बोलली. मागच्या दाराची कडी काढून ठिव. आणि इस्त्री तापवाय लाव.

(चार वाजतात. दुकानासमोर मोटार थांबते.)

अमरसिंह : राम राम. आक्का टेलर हेच न्हवं?

आक्का : हेच. या पावणं, बसा.

अमरसिंह : बसत न्हाय. ब्लाऊज बघू आमच्या मंडळींचा. गरम हाय की अजून.

आक्का : गिऱ्हाइकाला इस्त्री करूनच देतो आमी.

अमरसिंह : झाक शिवलाय. बाह्या लांब ठेवल्यासा.

आक्का : तिनं सांगितल्या तशा.

अमरसिंह : माप अंगावरनं घेतलं?

आक्का : व्हय.

अमरसिंह : तिला कुणी हात लावलेला खपत न्हाय, आक्का. मला ठावं हाय. तुमाला बरं घिऊ दिलं. आणि ह्या कोण?

क्रांती : मी शिकायला येते इथं.

अमरसिंह : आवाजावरनं वळखलं. लई लवकर फोन केलासा हो तुमी. दोन मिनटं बी झाली नव्हती. तिचा मोबाईल शनवारपासनं माझ्या खिशात हाय. त्यात आक्का टेलर म्हणून नंबर घावला. म्हटलं, बघूया कोण हाय ते. मिस्ड कॉल मीच दिलता.

आक्का : बघितलंसा न्हवं आता? बांधून देऊ?

अमरसिंह : घाई काय हाय? तिला आणलीया मी, गाडीत बसलीया. हितंच घालून दाखवू दे. माप खरंच घेतलंतं का न्हाय, अंगावर घातल्यावर मलाबी कळंल.

आक्का : आणा की. पर बाई ब्लाऊज बदलणार म्हणजे दार लावाय लागंल. बापयांनी भाईर थांबायचं, ही दुकानाची रीत हाय.

अमरसिंह : थांबतो की. हितंच पायरीवर बसतो. दहा मिनटं. विजू, उतर खाली. आत जा.

आक्का : ये बाई. सावकाश, उंबरा हाय. क्रांती, दार लाव.

क्रांती : ताई, हळू बोलूया. फोन मी केला, चूक माझी आहे, माफी मी नंतर मागते. हा तुमचा ब्लाऊज. ही तुमची पिशवी. मागच्या दारानं बोळात गेलं की मॅडम गाडीत बसल्यात. ब्लाऊज घालून पुढच्या दारानं गेलात तरी आम्ही काही म्हणणार नाही. पुढच्या मंगळवारी मी इथंच असेन, त्याच्या पुढच्यालाही. काय करायचं ते तुम्ही सांगा. दहा मिनिटं आहेत.

आक्का : नऊ.

विजयमाला : आक्का, पुढच्या दाराला वरनं बी कडी हाय न्हवं? ती बी लावा.