सिलतऱ्याच्या गेटावर ड्रायव्हर

...अन् दगड गेटावरच्या खोलीच्या काचेतून आत आला तो थेट भार्गवच्या कानाजवळून! तुम्हाले सांगतो, त्या पोट्ट्याचा काय गुन्हा? नव्या रायपुरात एसीत बसून प्रोग्राम लिहिनारा मानूस, त्याले सिलतऱ्याच्या लोखंडाच्या कारखान्यात धाडलं काहून? तर गेटावरचा कंप्युटर अडकला! त्यात एक सुरक्षेची चिप. हर ट्रकच्या पासासाठी चावी, म्हंजे गुपित आकडा, बनवते. गुलाबराव गार्डनं ट्रकचा नंबर चुकला म्हनून मधातच 'कॅन्सल' दाबलं, अन् पडदा जो गोठला... बाहेर ट्रकांची रांग, डोक्यावर ऊन, प्यायले पानी नाही, मंग दगड नाही येनार तर काय फुलं येतीन? थांब म्हटलं अन् थांबलं, असं होते का कधी?

भार्गवनं पाहिलं, खोट ड्रायव्हरमंधी. म्हंजे कंप्युटर अन् चिपच्या मधात बोलनी करनारा जो प्रोग्राम, तो ड्रायव्हर. पन हे ट्रकवाल्यांले कोन सांगनार? अन् हा शहाना, फुटक्या खिडकीत उभा राहून आपल्या साहेबीन यामिनी मॅडमले फोनवर ओरडते! मॅडम मराठी, हा मराठी, पन चिडला का याच्या तोंडात हिंदीच. "मॅडम, ड्राइवर ही निकम्मा है! रोको तो रुकता नहीं! इसको उड़ाना पड़ेगा!"

झालं! नत्थू नावाचा धिप्पाड ट्रकवाला "किसको उड़ाएगा बे?" म्हनत खिडकीतूनच आत! कॉलर धरली, कानाखाली जाळ काढला, खुर्ची हानली ते पंख्याचं पातं घेऊन खाली... मांगून आनखी चार जन! गुलाबराव "अरे भैया, रुको, रुको" करत मधात पडले तर ठोसा त्यांच्याच नाकावर! थांब म्हटलं अन् थांबलं, असं होते का कधी?

भार्गव टेबलाखाली. ओठातून रक्त, लॅपटॉप छातीशी. अन् तेथंच दिसलं त्याले! चिप तर कवाचीच थांबली होती हो! थांबल्याचा इशाराही देऊन राहिली होती, पन आपल्या तऱ्हेनं. अन् ड्रायव्हर दुसऱ्याच जातीच्या चिपचा इशारा शोधत बसलेला! नत्थू पाय ओढून राहिला अन् हा एका हातानं प्रोग्राम सुधारून राहिला, "एक मिनट भैया, पाँव खींचो, हाथ छोड़ो!"

पडदा सुटला. पास निघाला. गेट उघडलं. नत्थूनं त्याले उचलून उभं केलं, शर्ट झटकला, "पहले बोलना था ना!" म्हनला अन् ट्रक घेऊन गेला.

फोन चालूच होता. यामिनी मॅडम म्हने, "शाब्बास! आता उद्या मागच्या गेटावर जा. तिथली चिप वेगळी आहे, ती वेगळ्याच तऱ्हेनं थांबते."

भार्गवनं हलता दात जिभेनं चाचपला. "हव मॅडम, जातो... हेल्मेट कंपनी देते का घरूनच न्याचं?"