लिंबूसोडा आणि स्वप्नालीचं मेडिकल

न्हाय आकारामकाका, आज ॲसिडिटीच्या गोळ्या मिळायच्या न्हाईत. उचगावात दुसरी मेडिकलं हाईत? हाईत की, जावा. पर आधी ऐका — स्वप्नाली कालची पोरगी, तिला काय कळतंय, असं वाटतंय व्हय तुमास्नी? फार्मसी शिकून पप्पांच्या ह्या काउंटरला उभी हाय मी. आणि पिशवीत काय ते? लिंबू आणि खायचा सोडा? लिंबूसोडा करून पिताय व्हय? आता काय बोलायचं. आवो, पोटात ॲसिड असतंय. सोडा त्याच्या उलटा. दोन्ही भेटली की एकमेकाचा जोर मारत्यात, उरतंय मीठ, पाणी आणि गॅस — म्हणून ढेकर येतोय आणि तुमी म्हणताय, झालं, मोकळं वाटलं. पर लिंबू बी ॲसिडच की. ग्लासात पिळला, फसफसून फेस आला, तुमी खूश — सोड्याचा बराच जोर तिथं ग्लासातच गेला, पोटाला काय मिळणार? गोळी बरी म्हणताय? बरी हाय, पर ती बी हाय तेवढ्या ॲसिडलाच गप करती. नवं तयार व्हायचं थांबत न्हाय. पोट पुन्हा ॲसिड सोडतंय, तुमी पुन्हा माझ्या दारात, आणि वरनं तांबडा रस्सा चालूच.

नुसती जळजळ असती तर दिल्या असत्या की. पर काळी शी होतीया, डांबरागत, त्याला काय म्हणायचं? आत कुठंतरी रक्त जातंय काका. कॅमेऱ्याची नळी घालून बघाय पायजे. त्या नळीचं भ्या वाटतंय म्हणून गोळ्यांवर दिवस काढताय. आडवं झालं की घशाशी येतंय, खुर्चीत बसून झोपताय, काकूस्नी सांगत न्हाईसा —

कुणी सांगितलं म्हंजे? कुणी न्हाय. दिसतंय की तोंडावर... खुर्ची? खुर्ची तोंडावर कशी दिसंल, व्हय.

ऋतुराजनं सांगितलं. तुमच्याच ऋतुराजनं. व्हय, बोलतो आमी. रोज बोलतो. तुमच्याम्होरं त्याचं तोंड उघडत न्हाय, आणि माझ्याजवळ रडतोय — बाबास्नी काय झालं तर, म्हणतोय. मग मला इथं घसा फोडाय लागतोय.

आता असं बघू नका माझ्याकडं. पप्पास्नी अजून म्हाईत न्हाय. काय बोलायचं ते घरी येऊन बोला, राग काढा, सगळं ऐकून घेईन. पर आधी उद्या सकाळी उपाशीपोटी जाऊन ती तपासणी करून या. आमच्या लग्नाला न्हाय म्हणायला तरी तुमी पायजे का नको?

...चला, सरका बाजूला. मागं गिऱ्हाईक थांबलंय.